खोपोली ते भिरा: घाटातल्या विजेमागून गाडीनं दोन दिवस

लोणावळ्याला पडणारा पाऊस वास्तविक बंगालच्या उपसागरात जायला हवा. इंद्रायणी आणि मुळा पूर्वेला वाहतात, पुढे भीमेला मिळतात आणि भीमा कृष्णेला. पण या पाण्यातला मोठा हिस्सा गेली शंभराहून जास्त वर्षं उलटा फिरतो आहे. तो धरणांत अडवतात, बोगद्यांतून आणि कालव्यांतून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत आणतात आणि तिथून जाडजूड पाइपांतून पाचशे मीटर खाली कोकणात सोडतात. खाली वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशाऐवजी विजेवर चालाव्यात म्हणून हा खटाटोप झाला. गिरण्या गेल्या, वीजघरं चालू आहेत.

या सगळ्याच्या कडेकडेनं एक फार देखणी गोल फेरी होते: खोपोली, बोरघाट, लोणावळा, मुळशी, ताम्हिणी, भिरा, कोलाड, पाली आणि पुन्हा खोपोली. आपल्यापैकी बहुतेकांनी यातले निम्मे रस्ते भजी खात आणि धबधबे बघत पालथे घातलेले असतात. तेच रस्ते पाण्याचा माग काढत केले, तर डाव्या-उजव्या हाताला दिसणाऱ्या निम्म्या गोष्टींचा अर्थ बदलतो. पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी ही फेरी टप्प्याटप्प्यानं सांगतो.

कधी जायचं

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबर. तलाव काठोकाठ असतात, गवत हिरवं असतं, ढग वर उचललेले असतात आणि डोंगरउतारावरचे पाइप खालूनही दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये लोक ज्यासाठी जातात ते सगळं असतं, पण या फेरीला लागणारी एकच गोष्ट नसते: दृष्टी. धुक्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, दरडी पडतात, आणि जिल्हा प्रशासन धबधबे आणि घाटातल्या जागांवर वेळोवेळी बंदी घालतं. पावसाळ्यात जायचंच असेल, तर आदल्या दिवशी पुणे आणि रायगड अशा दोन्ही जिल्ह्यांचे आदेश बघून घ्या. फेरी दोन्ही जिल्ह्यांतून जाते आणि एकाची बंदी दुसऱ्याला लागू नसते.

मार्च ते मे टाळा. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं आणि देशभर बातमी झाली. मोजणी बरोबर होती की नाही यावर तेव्हा बराच वाद झाला. पण डोंगराच्या पोटात, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात भर दुपारी एकदा उभं राहून बघा, वाद घालायची इच्छा राहत नाही.

शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाडी घालणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं. मधल्या वारी निघा. अगदीच जमत नसेल, तर शनिवारी पहाटे निघून नऊच्या आत लोणावळा ओलांडेल असं बघा.

निघण्याआधी

साधी हॅचबॅक चालते. ब्रेक मात्र दाखवून घ्या. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे वाक्य प्रत्येक एसटी ड्रायव्हर सांगतो आणि ते खरं आहे.

पेट्रोल लोणावळ्यात आणि पुन्हा पौडच्या आसपास भरा. पौड सोडलं की ताम्हिणी उतरेपर्यंत पंपाचा भरवसा धरू नका. मोबाइलची रेंज याच पट्ट्यात जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात असू द्या. धरणं, वीजघरं, पाइपांचे मार्ग ही सगळी चालू असलेली, बंदोबस्तातली ठिकाणं आहेत. वीजघरात सहज डोकावता येत नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या सहली रीतसर परवानगी काढून जातात. तुमच्या ओळखीत कोणी प्राध्यापक असेल तर तो मार्ग आहे. बाकीच्यांनी रस्त्यावरून बघायचं. सुरक्षारक्षकानं फोटो काढू नका म्हटलं की काढायचा नाही आणि ड्रोन तर गाडीतून बाहेरच काढायचा नाही. बाहेरून दिसतं तेवढंही पुष्कळ आहे.

पहिला टप्पा: खोपोली

मुंबईकडून येत असाल तर पनवेलनंतर द्रुतगती महामार्ग सोडा आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं खोपोलीत या. पुणेकरांनी घाट उतरून खोपोलीला यावं आणि तोच घाट पुन्हा चढावा. उगाच फेरा वाटेल, पण ही गोष्ट खालून वर वाचायची आहे.

खोपोलीत आधी नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचं वीरेश्वराचं देऊळ बघा. घाट चढण्याआधीचा हा मुक्काम पेशवाईतही मुक्कामच होता, हे तिथं कळतं. रेल्वेनंही हेच केलं. १८५६ मध्ये पळसदरीहून खोपोलीपर्यंत रूळ आले, १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली आणि मधला घाट मात्र बाकी राहिला. पाच वर्षं प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. खोपोलीची लोकल आजही त्याच फाट्यावरून येते.

आता मान वर करा. गावामागच्या डोंगरावरून सरळ खाली उतरणाऱ्या पाइपांच्या रांगा दिसतात. त्या जिथं संपतात तिथं खोपोलीचं वीजघर आहे. लोणावळ्याचा पाऊस अडवून वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी उचलून धरली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. कंपनी १९१० मध्ये निघाली, १९११ च्या फेब्रुवारीत वलवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीहून वीज निघाली. तिथून सुमारे ७० किलोमीटर तारांवरून ती परळला पोचली, एक लाख व्होल्टच्या दाबानं. घरात दिवा लागणं हीच नवलाई असण्याच्या काळातली ही गोष्ट आहे.

यंत्र समजून घ्यायला सोपं आहे. पाणी फार नाही, पण उंची प्रचंड आहे. अशा ठिकाणी पेल्टन चाक लावतात. चाकाच्या कडेला जोडवाट्या बसवलेल्या असतात, आणि पाइपाच्या तोंडाशी बारीक केलेली पाण्याची धार थेट त्या वाट्यांवर मारतात. धारेला इतका जोर असतो की आडवा हात घातला तर हात जाईल. वाटीतून निघालेलं पाणी मात्र सगळा जोर गमावून निमूट खाली पडतं आणि पाताळगंगेला मिळतं. ही नदी पुढे उन्हाळ्यातही वाहती राहते त्याचं कारण हे पाणी. रसायनीच्या कारखान्यांना आणि आसपासच्या गावांना तेच पुरतं. म्हणजे लोणावळ्याचा पाऊस एकदा मुंबईची वीज होतो आणि मग रायगडाचं पाणी.

झेनिथ धबधब्याचा रस्ता कोणीतरी दाखवेलच. पावसाळ्यात तिथं पाणी अचानक वाढतं आणि दरवर्षी माणसं अडकतात. पाण्यात उतरू नका.

दुसरा टप्पा: बोरघाट

खोपोलीतून जुन्या रस्त्यानंच घाट चढा. द्रुतगती मार्गावरून गेलात तर सहा पदरी काँक्रीट दिसेल आणि थांबताही येणार नाही. जुन्या रस्त्यावर वळणं अवघड आहेत, अवजड गाड्या असतात, पण अधूनमधून कडेला जागा मिळते.

अर्ध्यात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले गाडी न थांबवता खिडकीतून नाणं फेकतात. सांगतात ते असं: शिंग्रोबा धनगर होता, गुरं-मेंढरं घाटातून नेण्याच्या वाटा त्याला पाठ होत्या. इंग्रजांना रस्ता सापडत नव्हता, तो त्यानं दाखवला. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं आमच्या मुलखाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली. कागदोपत्री याचा पुरावा शोधत बसू नका. पण घाट कोणाच्या माहितीवर आणि कोणाच्या जिवावर बांधला गेला, हे या गोष्टीत बरोबर पकडलं आहे.

कागदावरचा इतिहासही त्याहून सौम्य नाही. गाडीरस्ता १८३० मध्ये झाला, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. त्या काळातला दगडी पूल, ज्याला सगळे अमृतांजन पूल म्हणत, एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडला. वाहतुकीच्या दृष्टीनं गरजेचं असेल. मला अजून ती जागा ओकीबोकी वाटते.

रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या मार्गात साडेपाचशे मीटर चढ, जागोजाग ३७ फुटांना एक फूट अशी चढण, आणि पंचवीस बोगदे. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांच्या वर माणसं घाटात राबत होती. पटकी, ताप, सुरुंगाचे स्फोट आणि कडे कोसळून हजारो मेली. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून मोठी दंगल झाली आणि पहिल्या कंत्राटदाराचं काम गेलं. त्याच्या जागी इंग्लंडहून आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. मग त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट आपल्या नावावर चालवलं आणि दोन जाणकार इंजिनिअर हाताशी धरून पुरं केलं. घाट २१ एप्रिल १८६३ रोजी उघडला. तिच्या नावाचा साधा फलकही घाटात मला कुठं दिसलेला नाही.

घाटाच्या वरच्या भागात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र होतात. इथं नवखे हमखास चुकतात. डाव्या लेनमध्ये राहा, पाट्या बघा आणि खंडाळ्याकडे बाहेर पडा. चुकलात तर थेट लोणावळ्याच्या पलीकडे निघाल.

खंडाळ्यात राजमाची पॉइंटला गाडी लावा. इथं निदान तासभर हवा. समोर जुना रस्ता, द्रुतगती मार्ग आणि रेल्वे असे तीन काळ एकाच दरीत एकमेकांवरून जातात. दुर्बीण असेल तर पलीकडच्या डोंगरात जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या भिंती शोधा. पहिल्या आखणीत चढ एका दमात घेणं शक्य नव्हतं. गाडी एका टोकाला येऊन थांबायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट दिशेनं वर निघायची. हा खेळ १९२९ मध्ये नवीन बोगदे काढल्यावर संपला. त्याच सुमाराला विजेची इंजिनं आली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुटली.

आता एखादी पुण्याकडे जाणारी गाडी येईपर्यंत थांबा. तिच्या शेपटाला जास्तीची इंजिनं लागलेली दिसतील. ही बँकर इंजिनं कर्जतला जोडतात, ती गाडी मागून ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात. उतरणाऱ्या गाड्या मात्र मंकी हिलला, ठाकूरवाडीला ठरवून थांबतात. ब्रेक धरतात की नाही याची ती तपासणी असते. ब्रेक निकामी झालेली गाडी वळवायला तिथं चढावर सांडमार्ग काढलेले आहेत. रुळांवरून मंकी हिलपर्यंत चालत जायची टूम अधूनमधून निघते. ते बेकायदा आहे, बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते आणि रेल्वे पोलिस पकडतात.

तिसरा टप्पा: लोणावळा

खंडाळ्याहून लोणावळ्याकडे येताना कठडा बांधलेला, संथ पाण्याचा एक कालवा मधूनमधून दिसतो. लोक त्याला डक्ट लाइन म्हणतात. वलवणचं पाणी याच वाटेनं खंडाळ्याच्या कड्याजवळच्या छोट्या तलावात जातं आणि तिथून खोपोलीच्या पाइपांत शिरतं. कालव्याकडे नीट बघितलंत तर कळेल की त्याला उतार जवळपास नाहीच. उंची इथं वाया घालवायची नाही, ती सगळी कड्यासाठी राखायची आहे. अख्ख्या योजनेचं मर्म या संथ वाहण्यात आहे.

वलवण धरण गावाच्या उत्तरेला, जुन्या महामार्गाच्या जवळ आहे. पायथ्याशी बाग आहे. ती कधी उघडी असते, कधी नसते, म्हणून फाटकावर विचारा. धरणाची दगडी भिंत मात्र बाहेरूनही जवळून दिसते. घडीव काळा पाषाण, चुन्यात बसवलेला. लोणावळा, वलवण आणि शिरोता ही तीन धरणं मिळून खोपोलीला पाणी देतात. शिरोता पूर्वेला आडबाजूला आहे. त्याचं पाणी बोगद्यातून वलवणला येतं. तिकडे वाकडी वाट करू नका, वेळ पुढे लागणार आहे.

मग भुशी. पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसून कणीस खाणं हे महाराष्ट्राचं वार्षिक कर्तव्य आहे. पण हे धरण ना पर्यटनासाठी बांधलं ना शेतीसाठी. रेल्वेनं ते एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायला बांधलं. घाट चढून आलेलं इंजिन तहानलेलं असायचं आणि लोणावळ्याला त्याच्या टाकीत पाणी भरावं लागायचं. २०२४ च्या जूनअखेरीस धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तेव्हापासून वेळेचे निर्बंध कडक झाले आहेत, ते पाळा. पावसाळा नसेल तर इथं दहा मिनिटं पुरे.

मुक्काम लोणावळ्यात करा. चिक्की घ्यायची तर घ्या. तिचा धंदाही रेल्वेच्या कामगारांमुळे सुरू झाला असं इथं सांगतात.

चौथा टप्पा: लोणावळा ते मुळशी

दुसऱ्या दिवशी सातला गाडी सुरू करा. पुढचं अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर आहे आणि त्यातले बरेच वळणांचे आहेत. मुलं किंवा वडीलधारी सोबत असतील तर मुळशी-ताम्हिणीत किंवा कोलाडला दुसरा मुक्काम ठेवा आणि तिसऱ्या दिवशी परता.

दोन वाटा आहेत. दोन्ही भुशीवरून, आयएनएस शिवाजीच्या आवारावरून, लायन्स पॉइंटवरून घुसळखांबच्या फाट्यापर्यंत एकच. तिथून सरळ गेलात तर आंबवणे, सालतर खिंड, भांबर्डे करत थेट ताम्हिणीजवळ निघता. हा रस्ता विलक्षण सुंदर आणि भरवशाचा नाही. शिवाय त्यानं मुळशी धरण चुकतं. म्हणून पहिल्या खेपेला डावीकडे वळा: तिकोना, जवण, कोळवण, पौड. तुंग आणि तिकोना हे दोन्ही किल्ले आणि मधला पवनेचा जलाशय या वाटेवर आहेत. पवना धरण बरंच नंतरचं आहे. त्याचं पाणी पूर्वेलाच जातं आणि पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. आपल्या गोष्टीत ते बसत नाही, सकाळच्या उन्हात दिसतं मात्र छान.

पौडला नाश्ता करा. आणि मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ इथंच घ्या, कारण पुढचा टप्पा त्याच तांदळाच्या बुडालेल्या खाचरांचा आहे.

पाचवा टप्पा: मुळशी

पौडहून पश्चिमेला निघालं की पाऊण तासात धरण येतं. मुळा आणि निळा नदीच्या संगमावर बांधलेली लांबच लांब दगडी भिंत. भिंतीवर जाता येत नाही. पुढे मात्र रस्ता कितीतरी वेळ तलावाच्या काठानं जातो आणि जागोजाग थांबता येतं. रस्ता वळणावळणाचा आहे, म्हणून गाडी पूर्ण डांबराबाहेर घ्या.

पहिल्या दिवशी जे बघितलं ते कौतुकाचं होतं. इथं त्याची किंमत दिसते. खोपोलीनंतर १९२२ मध्ये कर्जतकडचं भिवपुरीचं वीजघर सुरू झालं आणि तिसरं, सगळ्यात मोठं काम मुळशीला निघालं. बावन्न गावं पाण्याखाली जाणार होती. जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांत चर खणायला सुरुवात झाली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी कामावर जाऊन ठाण मांडलं. बायका-पोरांसकट लोक खड्ड्यांत उतरून बसले. धरणाविरुद्धच्या देशातल्या पहिल्या मोठ्या लढ्यांत मुळशी सत्याग्रहाची गणना होते. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी पुढे होती. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. बापटांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते इथंच.

काम काही काळ थांबलं, मग सरकारनं भूसंपादन कायदा पुढे केला आणि ते पुन्हा सुरू झालं. लढ्यात फूट कशी पडली तेही कळायला हवं. अनेक जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. सावकारांना मोबदला चालत होता, कसणाऱ्यांना जमीन हवी होती. सावकारांनी पैसे घेतले आणि कुळांच्या पायाखालची जमीन निघून गेली. सत्याग्रह विरत चालला तेव्हा, १९२४ च्या डिसेंबरात, बापट आणि त्यांच्या साथीदारांनी कामगारांना नेणारी रेल्वेगाडी अडवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालं. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं.

काठावर उभं राहून हे सगळं आठवताना समोरचं निळं पाणी अवघड वाटायला लागतं. वादही संपलेला नाही. पूर्वेकडे पुण्याला पिण्याचं पाणी कमी पडतं, त्यापुढच्या भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडतो, म्हणून हे पाणी पुन्हा नैसर्गिक दिशेला सोडावं अशी मागणी वर्षानुवर्षं आहे. दुसऱ्या बाजूला मुंबईची वीज आहे. जलविद्युत यंत्रं मिनिटांत सुरू होतात, आणि बाहेरून येणारी वीज एकाएकी तुटली की शहर सावरायला तीच हाताशी असतात. खोपोली, भिवपुरी, भिरा मिळून साधारण ४४७ मेगावॉट. आजच्या मुंबईच्या मागणीपुढे हा आकडा लहान आहे. म्हणूनच वाद जास्त चुरशीचा आहे. मला विचाराल तर निदान उन्हाळ्यापुरतं थोडं पाणी पूर्वेला सोडायला हरकत नसावी. पण खाली कोलाडला गेल्यावर माझंच मत पुन्हा डळमळतं. का ते पुढे.

सहावा टप्पा: ताम्हिणी

तलावाचं पश्चिम टोक मागे पडलं की निवे गावाच्या आसपास दरीचा पहिला मोठा देखावा येतो. डावीकडे-उजवीकडे धबधब्यांच्या खुणा असतात, ऑक्टोबरात अजून वाहत्या. कुंडलिकेचं खोरं पायाखाली उघडतं आणि हवा स्वच्छ असेल तर तळाशी भिऱ्याच्या बाजूचं पाणी चमकतं. मुळशीच्या तलावातून बोगद्यानं आलेलं पाणी याच डोंगराच्या पोटातून खाली उतरतं. तुम्हाला उतरायला वळणावळणानं बराच वेळ लागेल.

अंधारबन आणि प्लस व्हॅलीच्या पाट्या दिसतील. ते दिवसभराचे ट्रेक आहेत, चपला घालून पंधरा मिनिटांत बघून येऊ अशा जागा नाहीत. ताम्हिणी गावात विंझाई देवीचं देऊळ आहे, तिथं पाय मोकळे करा. घाटात सेल्फीसाठी रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करणारे भेटतात. वळणावर हॉर्न द्या, मोठी गाडी वर येत असेल तर आधी तिला वाट द्या.

सातवा टप्पा: भिरा आणि कोलाड

घाट उतरून विळ्याला आलात की माणगावचा रस्ता सोडून कोलाडकडे वळा आणि पाटणूसवरून भिऱ्याचा फाटा घ्या. शेवटच्या काही किलोमीटरात पाइप पुन्हा दिसू लागतात, यावेळी खालून, आणि खोपोलीपेक्षा भारदस्त. १९९७ पासून इथं एक जास्तीचा संचही आहे: रात्री मागणी कमी असताना तो खालचं पाणी वर चढवतो आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली घेतो. देवकुंड धबधब्याची वाट इथूनच जाते. पावसाळ्यात ती बहुतेक वेळा बंद ठेवतात, आणि बाकीच्या दिवसांतही वाटाड्याशिवाय जाऊ नये.

भिऱ्याहून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. सकाळी लवकर गेलात तर नदीत नुसते गोटे दिसतात, मधे मधे गुडघाभर पाणी, आणि काठावर रबरी तराफे फुगवणारी पोरं. मग वर वीजघरात यंत्रं सुरू होतात. आधी आवाज येतो, नंतर गोट्यांमधून फेस दिसतो, आणि थोड्या वेळात मोठमोठे खडक बुडून नदी दोन्ही काठांना लागते. तराफे लगबगीनं सुटतात. मुंबईत कोणीतरी एसी लावला म्हणून ही नदी वाढली, असं म्हटलं तर फार चूक नाही. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर हेच पाणी अडवून कालव्यांत सोडतात. रोहा, माणगावची उन्हाळी भातं त्यावर उभी आहेत आणि धाटावचे कारखानेही. पाणी पूर्वेला फिरवलं तर इकडच्या शेतकऱ्याला काय सांगायचं, हा प्रश्न इथं पडतो.

राफ्टिंग करायचं असेल तर आदल्या दिवशी नोंदणी करा आणि कोलाडलाच मुक्काम करा, कारण पाणी सकाळी सुटतं. दुपारी पोचून काही उपयोग नाही. आणि नदी कोरडी दिसली तरी पात्रात उतरून बसू नका.

परतीचा टप्पा

कोलाडहून गोवा महामार्गानं नागोठण्याकडे, वाकणच्या फाट्यावरून उजवीकडे पाली आणि तिथून खोपोली. महामार्गाची अवस्था दर वर्षी वेगळी असते, म्हणून या पट्ट्याला नकाशा सांगतो त्याहून अर्धा तास जास्त धरा. पालीला बल्लाळेश्वर आहे, खोपोलीजवळ महडला वरदविनायक. घरात कोणी अष्टविनायकवाले असतील तर फेरीला त्यांची मंजुरी लगेच मिळते. पालीत देवळाबाहेर पोह्यांचे पापड आणि कडवे वाल घ्या.

पालीहून खोपोलीचा रस्ता अंधार पडायच्या आत करा. पुणेकरांना खोपोलीत येऊन घाट पुन्हा चढावा लागतो. रविवारी संध्याकाळी घाटात खाली उतरणाऱ्यांची रांग असते, चढणाऱ्यांना तेवढा त्रास होत नाही. मुंबईकरांनी रविवारी परतू नये, एवढंच सांगतो.

हातात आणखी अर्धा दिवस असेल तर खोपोलीहून कर्जत गाठा आणि भिवपुरीचं वीजघर बाहेरून बघा. तिथलं पाणी आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणातून येतं आणि वीज करून उल्हास नदीला मिळतं. बदलापूर ते कल्याण पट्ट्यात नळाला येणाऱ्या पाण्यात त्याचा वाटा आहे. कर्जत स्टेशनवर बँकर इंजिनं जोडताना बघायची असतील, तर फलाट तिकीट काढून पुण्याकडच्या टोकाला नाही, मुंबईकडच्या टोकाला उभे राहा. इंजिन मागून लागतं.